लोखंड इथेच बनलं होतं हे ठरवतात कसं? नायकुंडची भट्टी आणि तारखांचा गुंता

२३ जानेवारी २०२५ ला तामिळनाडूचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी जाहीर केलं की त्यांच्या राज्यात ५,३०० वर्षांपूर्वी लोखंड वापरात होतं, आणि तेव्हापासून दोन टोकाची मतं ऐकू येतायत, एक म्हणजे "जगाला लोखंड आपणच दिलं" आणि दुसरं म्हणजे "हे सगळं राजकारण, त्यात काही तथ्य नाही". या भांडणात मला जो प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो बाजूलाच पडतो, तो म्हणजे हजारो वर्षांपूर्वी एखाद्या गावात लोखंड बनत होतं हे आज कोणी कशावरून सांगतं? यात अंदाज किती आणि पुरावा किती?

हे समजून घ्यायला तामिळनाडूपर्यंत जायची गरज नाही, आपल्या नागपूर जिल्ह्यातच याचं एक फार चांगलं उदाहरण आहे आणि ते आपल्यातल्या बहुतेकांना माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून आधी विदर्भ, मग तामिळनाडू.

जमिनीत लोखंड नसतं, लोखंडाचा दगड असतो

जमिनीतून जे निघतं ते खनिज, म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन एकमेकांना घट्ट धरून बसलेला लाल-तपकिरी दगड. हेमॅटाइट नावाचं चांगलं खनिज घेतलं तर त्याच्या वजनात ७० टक्के लोखंड असतं, पण ते ऑक्सिजनपासून सोडवायचं कसं हाच सगळा खेळ आहे. त्यासाठी लाकडी कोळसा लागतो. कोळसा भट्टीत कमी हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो आणि तो खनिजातला ऑक्सिजन खेचून घेतो, मागे लोखंड उरतं.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लोखंड वितळायला १,५३८ अंश सेल्सियस तापमान लागतं आणि जुन्या मातीच्या भट्टीत, माणसाने भाता मारून, साधारण ११०० ते १२५० अंशापर्यंत जाता यायचं. म्हणजे त्या भट्टीत लोखंड वितळतच नव्हतं! (तांबं १,०८५ अंशाला वितळतं म्हणून ते ओतता यायचं, लोखंडाचं तसं नव्हतं.) वितळायची ती त्या दगडातली वाळू-माती, तीही बरंचसं लोखंड सोबत घेऊन, आणि त्या काळ्या काचेसारख्या रसालाच स्लॅग म्हणतात, आपल्याकडचा जुना शब्द लोहकीट. लोखंडाचा मात्र एक भोकाभोकाचा, स्पंजसारखा गोळा तयार व्हायचा आणि तो लालभडक असताना घणाने ठोकून ठोकून आतला स्लॅग बाहेर काढायचा, तेव्हा कुठे हाताला कामाचं लोखंड लागायचं.

मग तलवार सापडली तर काय सिद्ध होतं?

फार काही नाही. एवढंच की त्या माणसांकडे तलवार होती. ती व्यापारात आली असेल, लुटून आणली असेल, लेकीच्या लग्नात आली असेल.

कोणाच्या घरात तुपाची बरणी दिसली म्हणून तूप घरी कढवलं असं म्हणता येत नाही, ते दुकानातूनही येतं, पण पातेल्याच्या तळाला बेरी दिसली की विषय संपला, कारण बेरी कोणी विकत आणत नाही. स्लॅगचं तसंच आहे. जड, निरुपयोगी, उचलून लांब न्यावा असं त्यात काही नाही, त्यामुळे जिथे ढिगाने सापडतो तिथेच भट्टी पेटलेली असते. अपवाद एकच, तो वैद्यांचा, जुनं लोहकीट म्हणजे मंडूर आयुर्वेदात औषधाला वापरतात आणि जितकं जुनं तितकं चांगलं मानतात, पण त्यासाठी कोणी ढीग हलवत नाही.

म्हणून लोखंडाचा इतिहास शोधणारा माणूस म्युझियममधल्या तलवारीपेक्षा उकिरड्यातला कचरा जास्त बारकाईने बघतो. त्याला हवं असतं ते म्हणजे स्लॅग, भाजून लाल-काळी झालेली भट्टीची भिंत, भात्याची हवा आत सोडणाऱ्या मातीच्या नळ्यांचे तुकडे, कोळसा, न वापरलेलं खनिज. यातल्या दोन-तीन गोष्टी एकाच थरात एकत्र मिळाल्या की "इथे लोखंड बनायचं" असं म्हणायला आधार मिळतो.

नायकुंडला नेमकं हेच मिळालं

नायकुंड हे पारशिवनी तालुक्यातलं, पेंच नदीकाठचं गाव. नागपूरच्या आजूबाजूला, जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, बोरगाव, रायपूर अशा किती तरी ठिकाणी मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत, एकट्या जुनापाणीलाच ३०० च्या आसपास. ही दफनं आहेत, साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली, आणि ती करणाऱ्या लोकांच्या संस्कृतीला महापाषाणीय संस्कृती म्हणतात. १९ व्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी यातली काही उकरली, तेव्हापासून एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती की या वर्तुळांत लोखंड भरपूर निघतं. कुऱ्हाडी, छिन्न्या, सुऱ्या, भाल्याची टोकं, घोड्याच्या तोंडातल्या लगामाच्या कड्या. माहुरझरीला तर माणसाबरोबर साज चढवलेले घोडेही पुरलेले मिळाले. कुऱ्हाडींना दांड्यावर घट्ट बसवायला लोखंडाच्याच आडव्या पट्ट्या असायच्या, ही विदर्भाची खास ओळख आहे.

पण वरचाच प्रश्न होता, हे सगळं बनवलं कुठे? दफनात वस्तू मिळते, बेरी मिळत नाही. त्यासाठी जिवंत माणसं राहत होती ती वस्ती खोदावी लागते.

१९७८ ते १९८० मध्ये राज्याचं पुरातत्त्व खातं आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज यांनी शां. भा. देव आणि अरविंद जामखेडकर यांच्या नेतृत्वाखाली नायकुंडला उत्खनन केलं आणि तिथल्या वस्तीत लोखंड गाळायची भट्टीच सापडली. गोल, आतला व्यास साधारण ३० सेंटीमीटर, उंची २५ सेंटीमीटरच्या आसपास, आणि मातीच्या वळवलेल्या विटांनी रचलेली. जवळच भात्याच्या नळ्या, उष्णतेने काचेसारख्या झालेल्या, आणि लोहकीट. काळ साधारण इसवी सनापूर्वी ७०० चा.

आकडे परत वाचा. ३० बाय २५ सेंटीमीटर म्हणजे आत १७-१८ लिटर मावेल एवढीच जागा. लोकांना वाटतं की प्राचीन लोखंड उद्योग म्हणजे मोठा कारखाना असणार, तसं काही नाही, एका कुटुंबाने अंगणाच्या कडेला करावं एवढं हे काम होतं आणि त्यातच त्याची कमाल आहे, कारण इतक्या लहान जागेत तापमान आणि हवा यांचा मेळ बसवणं फार अवघड. हवा जास्त झाली तर सुटलेलं लोखंड परत ऑक्सिजनला चिकटतं, कमी झाली तर स्लॅग वितळत नाही आणि सगळंच गोठून बसतं. थर्मामीटर नव्हता, ज्वाळेचा रंग, भात्याचा आवाज आणि आई-बापाकडून शिकलेला अंदाज, यावर सगळं चालायचं.

"काळा जड दगड म्हणजे स्लॅगच कशावरून?"

ही शंका बरोबर आहे, कारण फसायला भरपूर वाव आहे. आपल्याकडे बेसॉल्ट काळा, लॅटराइट म्हणजे जांभा दगड लोखंडाने भरलेला, वीटभट्टीत जास्त भाजलेली वीटही वितळून काळी-हिरवी होते. म्हणून डोळ्यांनी बघणं ही फक्त पहिली पायरी. वाहून गोठलेल्या रसाच्या वळ्या दिसतात का, भोकं आहेत का, कोळशाचे ठसे आहेत का हे बघतात.

मग एक पातळ काप काढून मायक्रोस्कोपखाली धरतात. लोखंडाच्या स्लॅगमध्ये फायलाइट नावाचे लांब सुईसारखे स्फटिक दिसतात, लोखंड आणि वाळू यांच्या संयोगातून झालेले, आणि ते तसे निसर्गातल्या बेसॉल्टमध्ये गर्दी करून बसत नाहीत. मात्र इथेही एक सापळा आहे, तांबं गाळतानाचा स्लॅगही फायलाइटवालाच असतो! मग त्यात तांब्याचे बारीक थेंब अडकलेत का ते शोधायचं आणि रासायनिक तपासणीत तांब्याचं प्रमाण बघायचं.

अजून एक फरक करावा लागतो. दगडापासून लोखंड काढणं वेगळं आणि तयार लोखंडाचा विळा ठोकणं वेगळं. लोहार तर प्रत्येक गावात असतो, पण लोखंड गाळणारा प्रत्येक गावात नसतो. लोहाराच्या भट्टीतही स्लॅग होतो, तो खळग्याच्या तळाला वाटीच्या आकाराचा जमतो. आणि ऐरणीवर घण पडला की लोखंडाच्या पातळ पापड्या आणि बारीक गोळ्या उडतात, त्या मातीत इतक्या लहान असतात की डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून माती चाळून तिच्यात लोहचुंबक फिरवतात. ते कण कुठे दाट आणि कुठे विरळ आहेत याचा नकाशा काढला की ऐरण नेमकी कुठे होती तेही सांगता येतं, ऐरण स्वतः नाहीशी झाली असली तरी! मला या सगळ्या शास्त्रातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

"त्यांचं लोखंड म्हणजे कच्चंच असणार ना?"

असं बऱ्याच जणांना वाटतं आणि ते चूक आहे. भट्टीतून निघणारं लोखंड मऊ असतं, कुऱ्हाडीची धार पहिल्याच घावात मुडपेल इतकं. त्यात थोडासा कार्बन, एक टक्क्याहूनही कमी, मुरवला की ते स्टील होतं, आणि लाल तापलेलं स्टील पाण्यात बुडवलं की आणखी कडक होतं. वस्तूचा अगदी छोटा तुकडा कापून, घासून, ॲसिडने हलकं कोरून मायक्रोस्कोपखाली धरला की आतल्या कणांच्या रचनेवरून हे सगळं वाचता येतं, म्हणजे कार्बन कुठे आहे, किती आहे, शेवटी पाण्यात बुडवलं होतं का हळूहळू थंड होऊ दिलं होतं.

माहुरझरी आणि नायकुंडच्या वस्तूंवर कोरियाचे जांग-सिक पार्क आणि डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांनी असं काम केलं, ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातून हे पुढे आलं की विदर्भातल्या त्या लोकांना स्टील करणं जमत होतं आणि धारेच्या, कामाच्या वस्तूंसाठी ते मुद्दाम वापरत होते. मऊ लोखंड कुठे चालतं आणि स्टील कुठे लागतं याची समज असल्याशिवाय हे होत नाही, योगायोगाने तर नाहीच.

"पण तारीख लोखंडाची की कोळशाची?"

आता तामिळनाडूकडे येऊ, कारण सगळा वाद इथेच आहे.

कार्बन डेटिंग म्हणजे काय तर झाड जिवंत असताना हवेतला थोडा किरणोत्सारी कार्बन घेत असतं, मेलं की घेणं थांबतं आणि आतला हळूहळू कमी होत जातो, किती उरलाय त्यावरून मरून किती वर्षं झाली ते कळतं. म्हणजे तारीख मिळते ती लाकडाची किंवा धान्याची. दफनात लोखंडाशेजारी कोळसा असेल तर आपण कोळशाची तारीख काढतो आणि म्हणतो की लोखंडही तेवढंच जुनं, आणि हे गृहीतक किती भक्कम आहे ते खोदणाऱ्याने थर किती काळजीने नोंदवले त्यावर अवलंबून असतं. उंदीर-घुशींची बिळं, झाडांची मुळं, नंतर कोणी खोदलेला खड्डा, यातून जुना कोळसा वर आणि नवा खाली जाऊ शकतो.

शिवाय लाकूड स्वतःच म्हातारं असू शकतं. दोनशे वर्षांच्या सागवानाचा आतला गाभा भट्टीत जाळला तर तारीख भट्टी पेटवल्याची येत नाही, तो गाभा तयार झाला तेव्हाची येते, म्हणजे शंभर-दोनशे वर्षं आधीची. म्हणून बारीक फांद्यांचा कोळसा किंवा धान्य जास्त भरवशाचं, एका वर्षात वाढून संपतं ना ते.

तामिळनाडूत तूतुकुडी जिल्ह्यातल्या शिवगळै इथे मोठ्या मातीच्या कुंभांतली दफनं मिळाली, त्यात लोखंड होतं. सोबतच्या कोळशावर कार्बन डेटिंग आणि मातीच्या भांड्यांवर ल्युमिनिसन्स डेटिंग केलं (हे दुसरं म्हणजे भांडं शेवटचं कधी तापलं ते त्यातल्या खनिज कणांत साठलेल्या ऊर्जेवरून काढणं) आणि त्यातली सगळ्यात जुनी तारीख इसवी सनापूर्वी ३३४५ ची आली. नमुने एकाच ठिकाणी न देता अमेरिकेतली बीटा ॲनालिटिक, लखनौची बिरबल साहनी संस्था आणि अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी अशा तीन लॅबना दिले होते, ही फार चांगली पद्धत आहे आणि त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. याआधी २०२२ मध्ये त्याच राज्यातल्या मयिलाडुम्पारैची इसवी सनापूर्वी २१७२ ही तारीख जाहीर झाली होती. आणि उत्तर प्रदेशात पुरातत्त्वज्ञ राकेश तिवारींनी २००३ मध्येच मल्हार, राजा नल का टीला या ठिकाणांवरून लोखंड इसवी सनापूर्वी १८०० च्या आसपास नेलं होतं, तिथे मल्हारला भट्ट्या आणि स्लॅगही होते.

माझं मत विचाराल तर असं आहे. लोखंड भारतात बाहेरून, पश्चिमेकडून उशिरा आलं, हे जुनं पाठ्यपुस्तकी वाक्य आता टिकत नाही, वेगवेगळ्या भागांतून इतक्या जुन्या तारखा आल्यात की लोकांनी आपापल्या ठिकाणी ही विद्या शोधली असणं शक्य आहे. पण ३३४५ या एका आकड्यावर सगळा डोलारा उभा करू नये. दफनातली तारीख वापराचा पुरावा देते, बनवण्याचा देत नाही, त्यासाठी तितकीच जुनी भट्टी आणि स्लॅग मिळायला हवा. आणि एक मार्ग आहे जो सरळ लोखंडापर्यंत जातो, स्टीलमधला कार्बन हा भट्टीतल्या कोळशातूनच आलेला असतो, त्यामुळे वस्तूत पुरेसं न गंजलेलं धातू उरलं असेल तर आज अगदी छोट्या तुकड्यावरून त्या कार्बनचीच तारीख काढता येते. जुन्या लाकडाची अडचण तिथेही राहते, पण शेजारच्या कोळशावर विसंबावं लागत नाही.

विदर्भाची अडचण उलटी आहे. इसवी सनापूर्वी साधारण ८०० ते ४०० या काळात हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण असं बदलत गेलं की त्या चारशे वर्षांतले नमुने कार्बन डेटिंगमध्ये जवळजवळ एकाच वयाचे दिसतात. नेमका आपल्या शिळावर्तुळांचा भराचा काळ! त्यामुळे "ही कबर ७०० ची आणि ती ५०० ची" असं कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याला आधार विचारा.

"ते आकाशातून पडलेलं असेल तर?"

हे चटकन तपासता येतं. उल्कांच्या लोखंडात निकेल भरपूर असतं, इजिप्तच्या तुतनखामेनच्या खंजिरात सुमारे ११ टक्के निघालं, आणि तिथलेच इसवी सनापूर्वी ३२०० च्या आसपासचे मणीही उल्केचेच. खनिजापासून काढलेल्या लोखंडात इतकं निकेल सहसा येत नाही. त्यामुळे कोणतीही अतिप्राचीन लोखंडी वस्तू सापडली की निकेल मोजणं हे पहिलं काम.

"खनिज तरी इथलंच होतं का?"

विदर्भाला खनिजाची कमी नाही, चंद्रपूरकडचं लोहारा, गडचिरोलीचं सुरजागड ही नावं आज बातम्यांत असतात. पण जवळ खनिज आहे म्हणून तेच वापरलं असं होत नाही. ठोकून ठोकूनही लोखंडात स्लॅगचे सूक्ष्म कण अडकून राहतात आणि त्यातल्या काही घटकांचं एकमेकांशी प्रमाण भट्टीपासून वस्तूपर्यंत फारसं बदलत नाही, त्यावरून वस्तू, स्लॅग आणि खनिज यांची जोडी जुळवता येते. फक्त त्यात कोळशाची राख आणि भट्टीची मातीही मिसळलेली असते, म्हणून तिची वेगळी तपासणी करून तो भाग वजा करावा लागतो. आणि हे "जुळत नाही" म्हणायला जास्त उपयोगी आहे, "जुळतं" म्हणताना मात्र सावध राहावं लागतं, कारण दोन टेकड्यांची खनिजंही सारखी असू शकतात.

यातून माणसांबद्दल काय कळतं?

पुष्कळ. एक किलो कोळशाला चार-पाच किलो किंवा जास्तच लाकूड लागतं आणि भट्टीत खनिजाइतका किंवा त्याहून जास्त कोळसा जातो, म्हणजे एका कुऱ्हाडीमागे किती जंगल आणि किती जणांचे किती दिवस गेले याचा हिशोब मांडता येतो. कोळसा पाडणारे, खनिज वेचणारे, भाता चालवणारे, यांना कोणीतरी जेवायला घालत होतं, म्हणजे शेतीतून तेवढं उरत होतं.

आणि ही विद्या काही एकदम लुप्त झाली नाही. महाबळेश्वरच्या डोंगरात धावड लोक १९ व्या शतकापर्यंत लॅटराइटमधून लोखंड गाळत होते, मध्य भारतात अगरिया लोक पायाने भाता चालवून ते करत होते. स्वस्त आयात लोखंड आणि जंगलाचे कायदे आले तशी त्यांची भट्टी विझली. आज नायकुंडसारखी भट्टी परत बांधून प्रयोग करायचा म्हटलं तर पुस्तकापेक्षा अशा लोकांच्या नोंदी जास्त कामी येतात. ही माणसं आपल्या इतिहासात लोहार म्हणूनही नीट आली नाहीत, धातुतज्ज्ञ म्हणून तर दूरच, आणि हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

शेतात असा दगड दिसला तर

नागपूरच्या आसपास शिळावर्तुळांच्या जागी प्लॉट पडतायत, मुरूम खणला जातोय, नांगराखाली वर्तुळं मोडतायत. वर्तुळ निदान दिसतं तरी, स्लॅगचा ढीग तर कोणाच्या लक्षातही येत नाही, रस्त्याच्या भरावात जातो आणि त्याच्यासोबत भट्टीची जागाही.

म्हणून हे बघा. दगड आकारापेक्षा जड लागतो का, त्यावर वाहून गोठल्यासारख्या वळ्या आणि भोकं आहेत का, आसपास लाल भाजलेली माती किंवा पोकळ नळीचे तुकडे आहेत का. असं काही असेल तर उचलून घरी आणू नका, जागेवरून हलला की त्याची निम्मी किंमत जाते. पट्टी किंवा पेन शेजारी ठेवून फोटो काढा, मोबाइलवर लोकेशन सेव्ह करा, गट नंबर लिहून ठेवा आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला, डेक्कन कॉलेजला किंवा नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. जमीन तुमची नसेल तर आधी मालकाशी बोला, आणि काही झालं तरी स्वतः खोदू नका, अगदी वीतभरसुद्धा, कारण कोळसा कुठल्या थरात होता हे एकदा बिघडलं की मग जगातली कुठलीच लॅब ती तारीख परत मिळवून देऊ शकत नाही.